बासरीचे वैरी

जगातलं प्रत्येक गाणं कुणीतरी मुद्दाम, ठरवून, आपल्या एकट्याला छळण्यासाठी बिघडवत असतं अशी पक्की खात्री असलेला एकच माणूस पृथ्वीच्या पाठीवर असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, तेही मला साडूभाऊच म्हणतात, त्यामुळे आमचं जुंपलं की कोण कुणावर चिडलंय हे तिऱ्हाइताला कळत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो. ते सगळ्या जगावर चिडलेले असतात आणि मी फक्त त्यांच्यावर.

प्रत्येक गाणं म्हणालो ते रागाच्या भरात. खरं तर एकच गाणं. जुन्या एका मराठी चित्रपटातलं. चित्रपट साफ पडला, त्यात नायक कोण होता हे आज त्या नायकालाही आठवत नसेल, पण गाणं मात्र राहिलं. गाणं कसलं, गोष्टच आहे ती. पहिल्या कडव्यात नाखवा होडी घेऊन निघून जातो. दुसऱ्यात त्याची बायको रोज दिवा घेऊन धक्क्यावर उभी राहते आणि सगळं गाव तिला वेडी ठरवतं. तिसऱ्यात वादळ होतं, दिवा विझतो, आणि अगदी शेवटच्या ओळीत होडी धक्क्याला लागते. तुम्ही आम्ही हे गाणं ऐकतो, डोळे पुसतो आणि कामाला लागतो. आमच्या साडूंनी त्याच्यावर आयुष्य ओवाळून टाकलं. त्यांचं म्हणणं असं की त्या शेवटच्या ओळीच्या आधी गाण्यात काहीही नाही. शांतता. तीन-चार सेकंदांची. आणि त्या शांततेत दोन ठोके, ठक, ठक, लाकडावर लाकूड. मग शेवटची ओळ. "दिवा विझलाय, साडूभाऊ. अंधार आहे. तिला दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं. म्हणून संगीतकारानं सगळी वाद्यं बंद केली आणि होडी धक्क्याला लागल्याचा नुसता आवाज ठेवला. काय डोकं असेल त्या माणसाचं. आणि या गाढवांनी तिथे बासरी घुसडली." ही गाढवं म्हणजे उरलेली मानवजात. कारण हे गाणं आजवर ज्यांनी ज्यांनी गायलं, वाजवलं, त्या सगळ्यांच्या गाण्यात त्या जागी बासरीचा एक तुकडा आहे. गोड आहे, मला आवडतो. हे मी घरातल्या घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलतो.

साडूंचा पुरावा म्हणजे एक कॅसेट. लग्नाआधी अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, रेडिओवरची गाणी टेप करून ठेवत असत. तशी एक कॅसेट त्यांनी आपल्या रुखवतात मांडली होती, क्रोशाच्या रुमालांच्या आणि अनारशांच्या मधोमध. हे गाणं तिच्यातलं शेवटचं. चित्रपट तेव्हा नुकताच आलेला, गाणं नवंकोरं, तेव्हा ही कॅसेट म्हणजे अस्सल, आणि बाकी सगळे नकलाकार, असं साडूंचं सरळ गणित. ती कॅसेट आजही त्यांच्या कपाटाच्या लॉकरमध्ये आहे. दागिने बाहेरच्या डब्यात, कॅसेट लॉकरमध्ये. दमट हवेनं टेपला बुरशी लागू नये म्हणून साडूंनी आपल्या कारखान्यातून आणलेल्या, ओल शोषून घेणाऱ्या त्या खड्यांच्या पुड्या तिच्याभोवती रचलेल्या. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि लग्नाच्या वाढदिवसाला, ती बाहेर निघते, पंखा बंद करून वाजवली जाते आणि ठोके वाजेपर्यंत कुणी श्वास घेतलेलाही त्यांना खपत नाही.

माझा त्यांच्यावरचा राग जुना आहे. माझ्या लग्नापासूनचा. माझी वरात कार्यालयाकडे निघाली होती, मी घोड्यावर, डोळ्यांसमोर मुंडावळ्या, आणि बँडवाल्यांनी हेच गाणं धरलं. आता नवरा हरवलेल्या बाईचं गाणं वरातीत वाजवावं का, हा मुद्दा बाजूला ठेवा. नाचणाऱ्यांचीही काही तक्रार नव्हती. तिसऱ्या कडव्याच्या शेवटाला क्लॅरिनेटवाल्यानं बासरीची जागा घेतली मात्र, साडूंनी गर्दीतून घुसून त्याचा हात धरला. मुख्य बाजारात, भर उन्हात, पंधरा मिनिटं माझी वरात थांबली. क्लॅरिनेटवाला म्हणत होता, "साहेब, आम्हाला गुरूनं असंच शिकवलं." साडू म्हणत होते, "मग गुरूला बोलव." घोड्याला कंटाळा आला, त्यानं काय करायचं ते रस्त्यातच केलं, आणि मुहूर्त टळता टळता वाचला. नव्या नवरीच्या घरचा माणूस म्हणून मी मूग गिळून बसलो. तिथेच चुकलं माझं.

मग हे गाणं पसरतच गेलं आणि त्याच्या मागोमाग साडूंची मोहीमही. मध्यंतरी कुणी एका बाईंनी त्या चालीवर दत्ताचं भजन रचलं आणि पनवेलातली सगळी महिला भजनी मंडळं ते म्हणू लागली. शेजारच्या सोसायटीत असंच भजन चाललं असताना, नेमक्या त्या जागी पेटी वाजली, आणि साडू उठून बायकांच्या घोळक्यापुढे उभे राहिले. "देवाला तरी अस्सल द्या," म्हणाले. पेटीवरच्या बाईंनी सूर न सोडता "प्रसाद घ्या आणि पुढे व्हा" असं सांगितलं. मग टीव्हीवरच्या स्पर्धेत एका मुलीनं ते म्हटलं, परीक्षक रडले, आणि साडूंनी त्यांना पत्र लिहिलं की तुम्ही चुकीच्या जागी रडलात. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र लिहिलं. ही सगळी पत्रं माझ्या दुकानाच्या पत्त्यावरून जात, कारण त्यांच्या पत्त्यावर उलट उत्तरं येतील ही अक्कांना भीती. नंतर दाढीवाला एक गिटार घेऊन आला आणि त्यानं ते गाणं इतकं सावकाश म्हटलं की वादळातली होडी गाळात रुतल्यासारखी वाटायला लागली. त्यातही शेवटी बासरी होतीच, फक्त शिट्टीवर.

बेलपाड्याला साडूंच्या कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याच्या मुलाची हळद होती. आम्ही दोघं जोडीनं गेलो. तिथे डीजेवर हे गाणं अशा वेगात लागलं होतं की नाखवा पहिल्या कडव्यात गेला आणि अर्ध्या मिनिटात परत आला. बासरीची तर त्यांनी पिपाणी केली होती आणि सगळे नेमके तिच्यावरच उड्या मारत होते. साडू तरातरा डीजेकडे गेले. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. यजमानांनी साडूंना खांद्याला धरून बाजूला घेतलं आणि फार शांतपणे सांगितलं, "काका, तुमचा बरोबर हाय. पन आमी तो तुकडा काढला तर पोरा नाचतील कशावर? तुमी आदी जेवून घ्या." जेवायला बसल्यावरही साडू पुटपुटतच होते. माशाच्या कालवणाचा वास त्यांना येत नव्हता, तो भाग वेगळा. तळोज्याच्या रसायनांच्या कारखान्यात तीस वर्षं पाळ्या करून त्यांच्या नाकाचं पार वाटोळं झालंय. उदबत्ती लावा नाहीतर टायर जाळा, त्यांना सारखंच. "नाक कंपनीला दिलं, कान दिले नाहीत," असं ते छाती काढून सांगतात. कानही दिले असते तर किती बरं झालं असतं, असं मला कैक वेळा वाटलंय.

कळस झाला तो घराच्या वेळी. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांत त्यांना पनवेलजवळ कोन गावात चांगलं घर मिळत होतं. मोकळी हवा, बसायला गॅलरी, अक्कांनी पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता. पण त्या बिल्डरनं आपल्या जाहिरातीला हीच चाल लावली. 'होडी लागली धक्क्याला, कुटुंब आलं हक्काला' असलं काहीतरी, आणि मागे बासरी. साडू नमुना घर बघायला गेले, दारातच ती जाहिरात कानावर पडली, आणि चपला न काढताच परत फिरले. शेवटी तळोज्याला अकराव्या मजल्यावर घर घेतलं, जिथे वाऱ्याची दिशा फिरली की कारखान्यांचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. त्यांना काय, नाकच नाही. भोगतात अक्का. पण अक्का कधी चकार शब्द बोलल्या नाहीत, याचंच मला नवल वाटायचं. एखादी असती तर तिनं ती कॅसेट केव्हाच गॅलरीतून भिरकावली असती.

बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. निवृत्त झाल्यापासून साडू रोज दहाच्या सुमाराला तळोज्याहून येतात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतात, माझं वर्तमानपत्र वाचतात आणि कान टवकारून असतात. एकदा एक गृहस्थ डोळे तपासून घेत होते. भिंतीवरच्या तक्त्याच्या पाचव्या ओळीशी झटापट चालू होती, इतक्यात त्यांचा फोन वाजला. फोनची धून म्हणून त्यांनी नेमका तो बासरीचाच तुकडा ठेवलेला. साडूंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "ऐकू आली का बासरी?" त्या गृहस्थांना वाटलं हाही तपासणीचाच भाग. ते घाबरत म्हणाले, "हो, आली की." साडू म्हणाले, "तीच यायला नको होती." गृहस्थांचा चेहरा पांढराफटक पडला. ते चष्म्याची ऑर्डर न देताच निघून गेले आणि मग कधी दुकानाकडे फिरकले नाहीत. त्या दिवशी मी साडूंना स्पष्ट सांगितलं, "साडूभाऊ, तुमच्या त्या ठोक्यांनी माझ्या धंद्याचा खुळखुळा होईल." ते म्हणाले, "खऱ्याची किंमत मोजावी लागते." मोजत मी होतो.

इंटरनेटवर मूळ गाणं म्हणून जे सापडतं त्यातही बासरी आहे. ते मी त्यांना ऐकवून पाहिलं होतं. "कंपनीनं नंतर बासरी चिकटवली," हे उत्तर तयार. तेव्हा यांचं तोंड बंद करायचं तर चित्रपट आला त्या वेळची तबकडीच पाहिजे, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. आणि देवाच्या कृपेनं गेल्या वर्षी ती चालत माझ्या दुकानात आली. म्हणजे तिचे मालक आले. खारघरचे एक निवृत्त इंजिनियर, जुन्या तबकड्या जमवण्याचा नाद असलेले. बोलता बोलता म्हणाले, त्या गाण्याची पहिली तबकडी आहे की आपल्याकडे, मूळ कव्हरासकट. साडू नेमके त्या वेळी चहा सांगायला गेले होते. मी त्या इंजिनियरांना चष्म्याच्या काचा फुकट पुसून दिल्या आणि रविवारी त्यांच्या घरी जाऊन धडकलो. सुई टेकली. नाखवा गेला, दिवा लागला, गाव हसलं, वादळ झालं. मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो. आणि त्या जागी, स्वच्छ, लखलखीत, कुठेही चिकटवल्याची खूण नसलेली बासरी वाजली. ठोकेबिके काही नाहीत. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता. लग्नात झाला नाही तोही यांच्याच कृपेनं.

योगायोग असा की पुढच्याच रविवारी आमच्याकडच्या कराओके मंडळानं या गाण्याच्या चाळिशीचा कार्यक्रम ठेवला होता, आणि पनवेलात या गाण्यावर साडूंइतकं दुसरं कुणी बोललेलं नसल्यामुळे वक्ते म्हणून त्यांनाच बोलावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी आपणहून बोलायला सांगत होतं. इंजिनियर म्हणाले, त्यांच्या भाषणानंतर हीच तबकडी लावायची ठरलीय, अध्यक्षांना मी शब्द दिलाय. म्हणजे मला काही करायचीही गरज नव्हती. नुसतं पहिल्या रांगेत बसायचं होतं.

हवेत तरंगतच घरी आलो. बायको डाळिंब्या सोलत बसली होती. तिला म्हटलं, "तुझ्या भावोजींची आता जिरली. मूळ तबकडीत बासरी आहे." मला वाटलं ती हसेल. ती वाल सोलतच राहिली. म्हणाली, "आहेच. आम्हाला माहीत आहे."

"आम्हाला म्हणजे कुणाला?"

"मला आणि अक्काला. ती कॅसेट भरली तेव्हा मी तिथेच होते. आठवीत होते मी." आणि मग तिनं सगळं सांगितलं.

तळ्यामागच्या आळीत सासऱ्यांचं कौलारू घर होतं. आता तिथे इमारत आहे. काकांनी आखातातून आणलेला टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवायचा, बटण दाबायचं, आणि गाणं संपेपर्यंत घरात कुणी खोकायचंही नाही, ही अक्कांची पद्धत. त्या दिवसांत साडू अक्कांना बघून गेले होते. सासऱ्यांना स्थळ पसंत नव्हतं. पाळीत काम करणारा माणूस, आज दिवस उद्या रात्र, त्यातून कारखाना रसायनांचा. नकाराचं पत्र लिहून तयार होतं, दुसऱ्या दिवशी पेटीत टाकायचं होतं. अक्कांना माणूस आवडला होता, पण बापासमोर तसं बोलण्याची त्या घरात पद्धत नव्हती. त्या दुपारी सासरे आतल्या खोलीत झोपले होते आणि अक्का हे गाणं टेप करत होत्या. तिसरं कडवं संपत आलं आणि बाहेर सायकल खडखडली. साडूंच्या सायकलचं मडगार्ड सैल होतं. बघायला आले तेव्हाच अक्कांनी तो आवाज ऐकून ठेवला होता. खरंच तीच सायकल की भास, हे कळावं म्हणून त्यांनी झटकन रेडिओ अगदी बारीक केला. धाकटीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, तोंडावर हात ठेवला. आणि दारावर दोन थापा पडल्या. दोनच. तिसरी मारायचा साडूंना धीर झाला नाही. रेडिओ अचानक बंद झाला तर अण्णा, म्हणजे सासरे, जागे होतील म्हणून अक्कांनी लगेच आवाज पुन्हा मोठा केला, तेवढ्यात शेवटची ओळ आली, गाणं संपलं, आणि मग त्यांनी दार उघडलं. साडू पहिली पाळी करून तळोज्याहून तसेच सायकल मारत आले होते. सासरे उठल्यावर त्यांच्यासमोर बसून म्हणाले, "काय ते मला तोंडावर सांगा." तोंडावर नाही म्हणणं सासऱ्यांना जमलं नाही. पत्र पेटीत पडलंच नाही.

म्हणजे चाळीस वर्षं हा माणूस ज्या दोन ठोक्यांसाठी जगाशी भांडत होता, ते त्याचेच. त्यानंच मारलेले.

"मग सांगितलं का नाही अक्कांनी?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, का ते मलाही कळलं नाही. बायको म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी ती कॅसेट ऐकली आणि ते अंधार, होडी, धक्का असं सगळं समजावून सांगत बसले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. अक्काला वाटलं, आज नको, उद्या सांगू." संध्याकाळी अक्कांचाच फोन आला. बायकोनं त्यांना तबकडीचं सांगितलं होतं. एरवी कधी काही न मागणाऱ्या अक्का, त्यांनी फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. "भावोजी, चारचौघांत नको हो. त्यांना लोक हसतात ते मला ठाऊक आहे. पण ते खोटे पडले असं कधी झालं नाही. एवढं थांबवा."

मी म्हटलं, घरीच सांगून टाका ना. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांचं काय एका वाक्यात सांगू?"

तो आठवडा माझी झोप उडाली. ज्या तबकडीसाठी मी देव पाण्यात घालून बसलो होतो, तीच आता वाजू नये म्हणून मी दारोदार फिरत होतो. इंजिनियरांना म्हटलं, तबकडी जुनी आहे, प्रवासात तडकेल. ते म्हणाले, कापसात गुंडाळून आणतो. कराओके मंडळाच्या अध्यक्षांना म्हटलं, वेळ पुरणार नाही. ते म्हणाले, "काका, तोच तर क्लायमॅक्स आहे प्रोग्रामचा." साडूंना म्हटलं, ताप आल्यासारखे दिसताय, जाऊ नका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. त्यांनी नवा शर्ट शिवला होता.

कार्यक्रमाला कार्यालयाचा हॉल भरला होता. साडू तासभर बोलले. बँडवाला, भजनवाल्या बाई, रडके परीक्षक, दाढीवाला, बेलपाड्याचा डीजे, कोनचा बिल्डर, एकालाही सोडलं नाही. लोक पोट धरून हसत होते आणि मलाही पहिल्यांदाच कळलं की हा माणूस बोलतो फार सुरेख. शेवटी ते दोन ठोक्यांवर आले. टेबलावर बोटांच्या पेरांनी ठक, ठक वाजवून दाखवलं. मग अध्यक्षांनी मोठ्या हौसेनं तबकडीची घोषणा केली. साडू उभेच राहिले, हात मागे बांधून, निकाल आपल्याच बाजूनं लागणार अशा थाटात. तिसरं कडवं आलं. बासरी वाजली.

साडूंनी माइक तोंडाजवळ नेला. "ही पण नक्कलच आहे," म्हणाले.

जो हशा पिकला तो मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. मागून कुणीतरी शिट्टी मारली. अध्यक्ष शाल घेऊन मध्येच उभे, त्यांनाही हसू आवरेना. साडूंनी तिसऱ्या रांगेत बसलेल्या अक्कांकडे पाहिलं. अक्का खाली मान घालून बसल्या होत्या, आणि ते पाहिल्यावर साडूंचा चेहरा एकदम उतरला. माझ्या लग्नापासून मी याच क्षणाची वाट बघत होतो आणि तो आला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कधी उठलो ते मला आठवत नाही. "दात काढायला काय झालं?" मी ओरडलो. "तुमच्यापैकी एकानं तरी हे गाणं कधी नीट ऐकलंय का? या माणसानं चाळीस वर्षं ऐकलंय. तुम्ही फोनच्या धुनीला लावता आणि फोन आला की कापता." पुढे मी काय काय बोललो ते बायकोनं नंतर सांगितलं तेव्हा मलाच लाज वाटली. पण हशा थांबला, हे खरं.

रिक्षा करून आम्ही सगळे तळोज्याला गेलो. घरी पोचल्यावर साडू नवा शर्ट न बदलताच खुर्चीत बसले. म्हणाले, "बासरी होती गं." अक्का त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. वाटलं होतं तितका वेळ लागला नाही. सायकल, मडगार्ड, रेडिओ, दोन थापा.

साडूंनी बोटांच्या पेरांनी खुर्चीच्या हातावर ठक, ठक वाजवून पाहिलं. मग म्हणाले, "दोनच वाजवल्या होत्या मी?"

"दोनच. तिसरीची वाट बघत होते मी."

"आणि तू रेडिओ बारीक केलास. माझ्यासाठी." अक्कांनी मान हलवली. साडूंनी डोक्याला हात लावला. आता रडतात की काय म्हणून मी घाबरलो, पण नाही, त्यांना राग आला होता. "म्हणजे बासरी मीच बंद पाडली. अहो, त्या माणसानं जीव ओतून वाजवली असेल. आणि मी चाळीस वर्षं त्यालाच शिव्या घालतोय. साडूभाऊ, तुमच्या वरातीत तो क्लॅरिनेटवाला बरोबर वाजवत होता." मी म्हटलं, "होता." ते म्हणाले, "त्याची माफी मागायला हवी." तो केव्हाच वारला हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही.

पुढे पंधरा दिवस ते दुकानात आले नाहीत. खुर्ची रिकामी पाहून गिऱ्हाइकं विचारायची, काका कुठेत. आता येतात पुन्हा, वर्तमानपत्र वाचतात. परवा कुणाच्या तरी फोनवर तीच बासरी वाजली. मी सावध होऊन त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पान उलटलं. मला ते अजिबात आवडलं नाही. इतक्या वर्षांची सवय, कुणीतरी भांडायला पाहिजे होतं. न राहवून मीच त्या गिऱ्हाइकाला म्हटलं, आवाज जरा कमी करा.

दिवाळीत आम्ही तळोज्याला गेलो. साडू कोपऱ्यावर दूध आणायला गेले होते. आमची ही अक्कांच्या शेजारी वाती वळत होती आणि टीव्हीवर मोठ्या आवाजात मालिका चालू होती. दाराला चांगली संगीत वाजणारी बेल आहे, मीच बसवून दिलेली. बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. अक्कांनी रिमोट उचलला आणि टीव्ही अगदी बारीक केला. मी काही विचारणार होतो, तर बायकोनं माझ्या हातावर हात ठेवला. बेल वाजली नाही. दारावर दोन थापा पडल्या. अक्कांनी टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा केला, हातातली वात वळून पूर्ण केली आणि मग दार उघडायला उठल्या.